डोळे काढायचे राहिले

"घाई हाय ना? मंग उद्या करू." हे चांगुणाताई चोगले यांचं आवडतं वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं, दुसऱ्यांदा राग आला होता, आणि पुढे पुढे हे वाक्य येणार असं दिसलं की मी आधीच तोंड फिरवायला शिकलो. त्यांच्याबद्दल लिहायचं कितीतरी दिवस मनात आहे. लिहायला बसलो की पहिल्या पानावर त्या छान उतरतात, दुसऱ्या पानावर मी येतो आणि कागद बाजूला ठेवावा लागतो. या खेपेला ठेवायचा नाही, असं ठरवून बसलो आहे.

अलिबागहून रेवदंड्याकडे जाताना रस्त्याला लागून एक बंद पडलेला बर्फाचा कारखाना होता. त्यातल्या तीन खोल्या म्हणजे आमची प्रयोगशाळा. मालक देसाईसाहेब. न्हावा शेव्याला कंटेनरच्या धंद्यात अर्धं आयुष्य काढून ते गावी परतले होते, आणि खाडीकाठच्या खाजणात, भरतीच्या खाऱ्या पाण्याच्या जमिनीत, कोलंबीची तळी वाढतायत हे बघून त्यांनी ही प्रयोगशाळा काढली. काम एकच. तळ्यात सोडायची कोलंबीची पिल्लं दक्षिणेकडून गाडीने येतात. आमच्या धंद्यात त्यांना बीज म्हणतात. त्या बीजात पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू आहे की नाही, ते आम्ही सांगायचं. रोगी बीज तळ्यात गेलं तर महिना-दीड महिन्यात कोलंबी मरून सगळं तळं उलटतं, म्हणून आमचा कागद हातात पडल्याशिवाय शहाणा माणूस बीज सोडत नसे.

तपासणी म्हणजे थोडक्यात असं. पिल्लं चिरडायची, पेशी फोडायच्या आणि त्या रगड्यातून चरबी, प्रथिनं, रंग, क्षार बाजूला काढून फक्त डीएनए उरवायचा. तो शुद्ध निघाला तरच पुढचं मशीन त्यात विषाणूचा माग काढू शकतं. विषाणू असला तर शेवटी जांभळ्या प्रकाशात एक रेघ चमकते, नसला तर चमकत नाही. मात्र दुसरी एक रेघ प्रत्येक वेळी चमकायलाच हवी, ती कोलंबीच्या स्वतःच्या डीएनएची. ती दिसली नाही तर तपासणी झालीच नाही असं धरायचं. हे मी एम.एस्सी.ला असताना पाठ केलं होतं. मी माणगावकडचा, भाताच्या खाचरांत वाढलेला. कोलंबीशी माझी ओळख ताटातली, पण पदवी माझ्याकडे होती आणि म्हणून प्रयोगशाळेचा प्रमुख मी होतो.

चांगुणाताईंना देसाईसाहेबांनी झाडलोट आणि काचेची भांडी धुवायला ठेवलं होतं. त्या कुंडलिकेच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक, केस चापूनचोपून बांधलेले आणि त्यात रोज एक फूल, मग ते कुठलंही असो. बारावी सायन्सला त्या एका विषयात राहिल्या होत्या. तो विषय जीवशास्त्र होता, हे त्या स्वतःच सांगत आणि स्वतःच हसत. लग्नानंतर वीसेक वर्षं त्यांनी कोलंबी सोलायच्या शेडवर काढली होती.

सुरुवातीचे काही महिने आमचे निकाल मनाला येईल तसे लागत होते. एकच बीज सकाळी रोगी निघे आणि दुपारी निरोगी. मी पुस्तकं धुंडाळली तेव्हा कळलं की घोळ डोळ्यांचा आहे. कोलंबीच्या डोळ्यातला काळा रंग डीएनएबरोबर चिकटून येतो आणि मशीनचं काम अडवतो. म्हणून चिरडण्याआधी पिल्लांचे डोळे काढून टाकायचे. सांगायला सोपं. पापणीच्या केसाएवढं पिल्लू, त्याला खसखशीच्या दाण्याहून बारीक दोन डोळे, आणि एका नमुन्यात अशी दीडशे पिल्लं. मी चिमटा घेऊन बसलो. दोन तासांत चाळीस पिल्लं झाली, त्यातल्या निम्म्यांची डोकीच गेली होती.

चांगुणाताई फरशी पुसत होत्या. पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, जरा बघू?"

त्यांनी पदराची सेफ्टी पिन काढली, स्पिरिटने पुसली आणि स्टुलावर बसल्या. डाव्या हाताच्या बोटाने पिल्लू ओल्या कागदावर नुसतं टेकवायचं आणि पिनेच्या टोकाने एक हलकी टिचकी. डोळे देठासकट बाजूला. दुसरं पिल्लू. वीस मिनिटांत उरलेली सगळी पिल्लं झाली आणि कागदाच्या एका कडेला काळ्या ठिपक्यांची नीट ओळ लागली. मी विचारलं, हे कुठे शिकलात. त्या म्हणाल्या, "शिकायचा काय त्याच्यात? शेडवर मोठी सोलायची, हितं बारकी."

दुसऱ्या दिवसापासून झाडलोटीला दुसरी बाई आली आणि चांगुणाताई टेबलाशी बसू लागल्या.

त्यांच्या सवयी सगळ्या त्यांच्या होत्या. आल्या आल्या बांगड्या काढून पिपेटच्या टोकांच्या रिकाम्या डब्यात ठेवायच्या आणि जाताना मोजून घालायच्या. नळ्यांवर शाईच्या पेनने लिहायला त्यांचा विरोध होता. सांडलेल्या अल्कोहोलने शाई पुसते, म्हणून त्या नळीच्या खरखरीत चौकोनावर पेन्सिलीने लिहीत, आणि माझ्या नळ्याही मला न विचारता पेन्सिलीने लिहून ठेवत. नमुन्यांना त्या पाहुणे म्हणायच्या. "आज पाच पाव्हने हायत, त्यातला तिसरा लई गढूळ." कामाच्या दिवसांत त्या कोलंबी खात नसत. कोळीवाड्यातल्या बाईने कोलंबी सोडायची म्हणजे काय ते मला सांगायला नको. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "दिवसभर तिचं आतडं-काळीज बघायचा नि रातच्याला तीच ताटात घ्यायची, बरा न्हाय दिसत." रविवारी मात्र भरपूर खायच्या आणि सोमवारी मला डबा आणायच्या.

तेव्हा आम्ही डीएनए जुन्या पद्धतीने शुद्ध करायचो. रगड्यात फिनॉल घालून नळी गरगर फिरवली की तिच्यात थर लागतात. खाली फिनॉल, मधे पांढरी साय, वर स्वच्छ पाणी. डीएनए त्या वरच्या पाण्यात. सायीला धक्का न लावता वरचं पाणी तेवढं उचलायचं. हे करताना चांगुणाताई श्वास रोखून धरत. मी एकदा चेष्टेने म्हणालो, ताई, श्वासाने साय फाटत नाही. त्यांनी पाणी उचलून दुसऱ्या नळीत सोडलं, नळी बंद केली आणि मग म्हणाल्या, "फाटली तर तुमी शिवणार हाव का?" फिनॉलने त्यांच्या डाव्या मनगटावर एक पांढरट डाग पडला होता. त्यावर त्या हळद लावायच्या, हळदीने काही होत नाही हे मी किती वेळा सांगितलं तरी.

त्यांच्या दिराचं तळं होतं. एकदा त्याचंच बीज आलं आणि त्यात विषाणूची रेघ लख्ख दिसली. दीर बाहेर बाकावर बसलेला. "वयनी, परत करून बघ," असं त्याने सांगितलं. ताईंनी परत केलं. रेघ दिसली. त्याने पुन्हा हात जोडले, ताईंनी तिसऱ्यांदा केलं. मग बाहेर जाऊन त्या त्याला म्हणाल्या, "भावजी, चवथ्यांदा पन करीन, पन बी तेच हाय." दिराने बीज ब्लिचिंग पावडरीत ओतून मारलं आणि वर्षभर वहिनीशी बोलला नाही. त्या वर्षी खाडीच्या त्या बाजूला दोन तळी उलटली, त्याचं उलटलं नाही. तेव्हापासून तळीवाले आमच्याकडे यायचे ते कागद घ्यायला, पण विचारायचे एकच, "ताईंनी केलाय ना?" खाली माझी सही असे. ती कोणी बघत नसे. मला ते लागत होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

मग किट आलं. मुंबईहून एक विक्रेता आला, टाय लावलेला, गोड बोलणारा. किट म्हणजे एक डबा, त्यात तीन-चार बाटल्या आणि तळाशी गाळणी बसवलेल्या छोट्या नळ्या. त्यांना कॉलम म्हणतात. रगडा त्यात ओतायचा, फिरवायचा, डीएनए गाळणीला चिकटतो, घाण खाली जाते. दोनदा धुवायचं आणि शेवटी डीएनए सोडवून घ्यायचा. पाऊण तासात काम. फिनॉल नाही, वास नाही. "सगळं धुऊन निघतं सर, आमच्या कॉलममध्ये काही उरतच नाही," असं तो म्हणाला.

चांगुणाताईंना किट आवडलं, हे मुद्दाम सांगतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की जुन्या वळणाची बाई नव्याला अडून बसली. त्यांनी डबा उलटसुलट करून बघितला, बाटल्या हुंगल्या आणि म्हणाल्या, "बरा हाय. हात तरी भाजायचा न्हाय."

कुठली पद्धत घ्यायची ते ठरवायला मी दोन आठवडे दोन्ही समोरासमोर ठेवल्या. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग, एक फिनॉलचा, एक किटचा. प्रत्येक वेळी दोन्हींचे निकाल जुळले. मी त्याचा तक्ता केला, देसाईसाहेबांना दाखवला, आणि किट पक्कं झालं. त्याच बैठकीत मी आणखी एक गोष्ट सुचवली. डोळे काढण्यात वेळ जातो आणि कॉलम सगळं धुऊन टाकतोच, तर यापुढे पिल्लं अख्खीच चिरडावीत. देसाईसाहेब म्हणाले, तुम्ही बघा, त्यातले जाणकार तुम्ही.

मी टेबलापाशी येऊन ताईंना सांगितलं. त्यांनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "सर, तुमी पारख केली ती डोळं काढलेल्या बियाची."

"म्हणजे?"

"दोन आठवडं किटात जो माल घातला तो मी साफ करून दिलेला. डोळ्यासकट किटात कंदी घातलाच न्हाय. मंग किटानं डोळं धुतलं का न्हाय, ते कसा कळल?"

इतकं सरळ होतं. पद्धत पारखायला बसलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं की नमुना कॉलममध्ये जाण्याआधीच त्या बाईच्या पिनेने अर्धा शुद्ध झालेला होता. मी तिची बोटं पारखली आणि श्रेय डब्याला दिलं. हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळलं म्हणूनच मी चिडलो. बारावीला जीवशास्त्रात राहिलेल्या बाईने माझ्या तक्त्यातलं भोक दाखवावं, आणि तेही मालकासमोर तक्ता मांडून झाल्यावर. मी म्हणालो, "ताई, कंपनीने सगळं तपासलेलं असतं. आता हे ठरलंय."

"किट वापरू की. मी कुठं नको म्हनते. पन डोळं काढू. माजा एक तास गेला तर जाईल."

"नको," मी म्हणालो. त्यांनी पिन पदराला लावली.

पुढचे दीडदोन महिने बरे गेले. कधी कधी कोलंबीची स्वतःची रेघ फिकी यायची. पिल्लं वयाने मोठी असली, डोळे मोठे असले की जास्तच फिकी. चांगुणाताई तो फोटो माझ्या टेबलावर ठेवायच्या, रेघेखाली पेन्सिलीने छोटी खूण करून. मी खुणा बघायचो आणि फोटो फाइलला लावायचो.

हिरामण पाटलाचं बीज आलं तो दिवस उन्हाचा होता. हिरामण ताईंच्या शेजारच्या गावचा, त्यांच्या माहेरच्या नात्यातला. धाकट्या भावाला बरोबर घेऊन त्याने त्या वर्षी पहिल्यांदाच खाजणातलं तळं कोलंबीला केलं होतं. बांध स्वतः घातला, पाणी आत-बाहेर सोडायची उघाडी स्वतः बसवली. सकाळी नमुना देऊन तो निकालासाठी थांबला होता आणि बीजाच्या पिशव्या घेऊन टेम्पो बाहेर चिंचेखाली उभा होता. पिशव्यांतली हवा संध्याकाळपर्यंत पुरेल की नाही, याची त्याला धास्ती होती. दर अर्ध्या तासाने तो दारात येऊन उभा राही आणि विचारलं नाही तरी चेहऱ्याने विचारी.

फोटो निघाला. विषाणूची रेघ नव्हती. कोलंबीचीही रेघ नव्हती. फिकी नव्हे, नव्हतीच.

चांगुणाताईंनी फोटो या वेळी टेबलावर ठेवला नाही, हातात धरून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "सर, हितं कोलंबीच दिसत न्हाय. मंग तिचा रोग कसा दिसल?"

मी म्हणालो, किटमध्ये असं होतं कधी कधी. त्या म्हणाल्या, "परत करू. मी डोळं काढून देते." परत करायचं म्हणजे संध्याकाळ. बाहेर टेम्पो. आणि परत करताना डोळे काढायचे म्हणजे त्या म्हणत होत्या ते खरं, असं माझ्याच हाताने लिहून देणं. हिरामणची घाई मी कारण म्हणून पुढे केली, खरं कारण हे दुसरं होतं. मी कागद ओढला, "विषाणू आढळला नाही" असं लिहिलं आणि सही केली. वाक्यात खोटं काही नव्हतं. आढळला नव्हताच.

कागद द्यायला ताईच बाहेर गेल्या, कारण नेहमी त्याच जात. दारातून मला ऐकू आलं. हिरामणने विचारलं, "ताई, चांगला हाय ना बी?" कागद फडफडला. मग त्यांचा आवाज, "सरांनी सही केलीय." त्याला तेवढं पुरलं. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

बीज सोडल्यापासून चाळिसाव्या की बेचाळिसाव्या दिवशी हिरामण एक प्लास्टिकची पिशवी घेऊन आला. तळ्यावर दोन दिवसांपासून कावळे आणि बगळे उतरत होते. पिशवीतली कोलंबी त्याने माझ्याकडे दिली नाही, ताईंच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. पाठीच्या कवचावर टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके, न मोजता येण्याइतके. तो रागावलेला नव्हता. "ताई, तुमी बघितलं होतं ना?" एवढंच त्याने विचारलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी हिरामणला म्हणालो, तपास करतो.

तपास म्हणजे देसाईसाहेबांच्या खोलीत मी आणि ताई, दहा मिनिटं. त्यांच्यासमोर नोंदवही उघडी होती. "नमुना तयार करणार" या रकान्यात चां. चो. "निकाल" या रकान्यात माझी सही. फोटो मी आदल्या दिवशी बघून घेतला होता. तो फाइलमध्ये होता, पण देसाईसाहेबांना तो वाचता येत नव्हता आणि त्यांनी मागितलाही नाही.

"चूक कुठे झाली?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "नमुना तयार करण्याच्या टप्प्यावर झाली असावी."

हे वाक्य मी रस्त्यात येताना जुळवलं होतं. शास्त्राच्या दृष्टीने ते अगदी बरोबर आहे. आजही मला त्यात चूक दाखवता यायची नाही, आणि म्हणूनच ते इतकं घाण आहे.

देसाईसाहेबांनी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "मी डोळं काढलं नव्हतं."

"का?"

चांगुणाताई माझ्याकडे वळल्या. चेहऱ्यावर राग नव्हता, आरोप नव्हता. नळी पुढे करून मी तीत काही ओतायची वाट बघावी तशा त्या थांबल्या होत्या. ती वेळ माझी होती आणि बोलायचे शब्द चारच होते. मीच काढू नका म्हणालो. खिडकीबाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती तीन वेळा बंद पडली, इतका वेळ मला मिळाला होता. मी नोंदवहीतल्या रकान्यांकडे बघत राहिलो.

"राहिलं," ताई देसाईसाहेबांना म्हणाल्या.

त्या असं का म्हणाल्या, यावर मी खूप विचार केला आहे. मला वाचवायला म्हणाल्या, असं काही वर्षं मी स्वतःला सांगत होतो. त्यात माझी सोय होती. आता वाटतं, त्यांनी फक्त काम संपवलं. समोरचा माणूस बोलणार नाही हे त्यांना दिसलं आणि त्याला उघडं पाडायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्यांना पुन्हा भांडी धुवायला बसवलं. आठ दिवस त्यांनी धुतली, एक नळी फोडली नाही, आणि नवव्या दिवशी आल्या नाहीत. पुढच्या महिन्यात मी भिंतीवर माझ्या अक्षरात नियम लावला की नमुन्यातल्या पिल्लांचे डोळे काढणं बंधनकारक आहे. वर्षभराने अलिबागला तळीवाल्यांसाठी एक शिबिर झालं, त्यात कॉलम किट आणि डोळ्यातला रंग यावर मी व्याख्यान दिलं. किट घ्या, पण पारख करताना त्यात जसा येईल तसाच नमुना घाला, असं मी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी कुणाचं नाव घेतलं नाही.

ताईंच्या बाजूच्या गोष्टी मला आमच्या राखणदाराकडून कळत. हिरामणच्या भावाने तळ्याचा नाद सोडला आणि गावही सोडलं. "चांगुणानं तळं मारलं," असं दोन्ही गावांत बोलत होते. ज्या दिराचं तळं तिने वाचवलं तोही आता म्हणे, की तिला कळत नव्हतंच, तेव्हा नशिबाने जुळलं. रविवारच्या बाजारात बायका तिला विचारायच्या, "काय गो, डोलं काढलंस का आज?" राखणदार हे हसत सांगायचा. मीही हसल्यासारखं करायचो.

चार वर्षांनी मी पुण्याला दुसरीकडे लागलो होतो. काही कागदांसाठी अलिबागला आलो, तसाच पुढे रेवदंड्याकडे गेलो, आणि कोळीवाड्याच्या फाट्यावर त्या दिसल्या. रिक्षाची वाट बघणाऱ्या चारपाच जणांत शेजारणीबरोबर उभ्या होत्या, दोघींच्या पायाशी टोपल्या. ताईंचे केस बरेच पांढरे झाले होते. मी गाडी बाजूला घेतली. त्यांनी आधी माझ्या आईची तब्येत विचारली, मग मुलीची इयत्ता. शेजारीण जरा लांब सरकली तेव्हा मी बोललो. त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. चूक माझी होती. मला माफ करा. अडखळत का होईना, पण सगळं म्हणालो.

त्यांनी ऐकून घेतलं. "सर, ते मला म्हाईतच हाय," त्या म्हणाल्या. "मला सांगून काय व्हायचा? हिरामणला सांगा. तो अजून वाटंत भेटला तर तोंड फिरवतो. माज्या माहेरचा मानूस हाय." मग हाताने रस्ता दाखवला. "पुलाच्या अलीकडं उजव्या हाताला, पत्र्याचं घर. आता घरीच असल. जाल ना?"

"आत्ता जातो," मी म्हणालो, आणि गेलो.

हिरामण ओटीवर जाळं विणत बसला होता. मला बघून उठला, खुर्ची पुसून दिली, आत चहा सांगितला. इतक्या वर्षांनी सर घरी आले याचा त्याला खरंच आनंद झाला. तळ्याचा विषय त्यानेच काढला. म्हणाला, "तुमचा काय दोष सर? त्या बाईनं घोळ केला. आमच्याच नात्यातली, बोलायचं तरी कुनाला?" वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. त्याची बायको चहा घेऊन आली, उभी राहिली, त्याचा मुलगा दारात येऊन ऐकू लागला. तिघं माझ्याकडे आदराने बघत होते. मी चहा घेतला आणि म्हणालो, "होतं असं कधी कधी." मग पावसाची चौकशी केली, मासळीची केली, आणि उठलो.

परतीला फाटा टाळता येत नव्हता. ताई आणि शेजारीण तिथेच उभ्या होत्या. मधे रिक्षा येऊन गेली असणार, कारण इतरांपैकी कोणी उरलं नव्हतं. मी गाडी हळू केली. काच खाली होती. ताईंनी एक पाऊल पुढे येऊन माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. हो म्हणून.

त्यांचे खांदे सैल झाले. त्या लगेच शेजारणीकडे वळल्या आणि तिच्या दंडाला धरून भराभर काहीतरी सांगू लागल्या. ती बाई ऐकता ऐकता माझ्याकडे बघून हसली आणि तिने हात जोडले.